कुंपण आणि शेत

शाळांच्या सुरक्षिततेचा विषय आपल्याकडे हल्ली दोनच प्रसंगी निघतो. अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार होऊन निरपराध मुले बळी पडल्याचे वृत्त आले म्हणजे, अथवा आपल्याच राज्यातील एखाद्या शाळेत असे काही घडले, की ज्याचा उच्चार करतानाही सभ्य माणसाची जीभ अडखळावी, म्हणजे. प्रसंग भिन्न असले, तरी उपाय मात्र ठरलेले असतात. भिंत उंच करा, फाटकावर पहारेकरी बसवा, कॅमेरे लावा, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्या. चार दिवस सभा होतात, निवेदने दिली जातात, शासनाचे परिपत्रक निघते आणि पाचव्या दिवशी शाळेची घंटा पूर्ववत् वाजू लागते. या उपायांना आमचा विरोध नाही. पडकी भिंत बांधलीच पाहिजे आणि फाटकावर माणूस असलाच पाहिजे. परंतु ज्या संकटापासून मुलांचे रक्षण करावयाचे, ते भिंतीच्या बाहेरून येते की भिंतीच्या आतच नोकरीस असते, याचा विचार भिंत बांधण्यापूर्वी व्हावयास हवा होता. तो झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हे मत बनविण्यास आम्हांस बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज पडली नाही.

नोव्हेंबर २०१६ च्या आरंभीची गोष्ट. खामगाव तालुक्यातील पाळा या गावी आदिवासी मुलामुलींसाठी एक खासगी अनुदानित आश्रमशाळा चालत होती. दिवाळीची सुटी लागली आणि तेथील काही मुली शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आपापल्या घरी गेल्या. घरी गेल्यावर त्यांनी पोट दुखत असल्याची तक्रार केली. आईबापांनी विचारपूस केली, तेव्हा त्या चिमुरड्यांनी जे सांगितले, ते ऐकून साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. शाळेतील एका सफाई कामगाराविरुद्ध अत्याचाराचा गुन्हा नोंदला गेला आणि त्याच्या पाठोपाठ मुख्याध्यापक व संस्थाचालक यांच्यासह अकरा जणांना पोलिसांनी अटक केली. विशेष तपास पथक नेमले गेले, मंत्र्यांच्या मोटारी गावात आल्या, शाळेची मान्यता काढून घेण्यात आली. आरोपींपैकी कोणाचा अपराध किती, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे असते व त्यात आम्ही पडू इच्छीत नाही. आम्हांस विचार करावासा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. या मुलींना आपले दुःख सांगण्यासाठी दिवाळीची वाट पाहावी लागली.

हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा मनाशी उच्चारून पाहावे. निवासी शाळेत मूल रात्रंदिवस राहते. तेथे त्याच्याभोवती मुख्याध्यापक असतो, शिक्षक असतात, अधीक्षक असतो, स्वयंपाकी असतात, कामाठी असतात. शाळेवर प्रकल्प अधिकारी असतो, त्याच्यावर अपर आयुक्त असतो, त्याच्यावर नाशिकचे आयुक्त व त्यांच्यावर मंत्रालय. तपासणीचे अहवाल असतात, भेटीची नोंदवही असते. एवढ्या मोठ्या उतरंडीत एकही कान असा नव्हता, की ज्यापाशी दहाबारा वर्षांच्या मुलीने निर्भयपणे दोन शब्द बोलावेत! तिला कान सापडला तो घरी, आईपाशी. आणि तेथवर पोचण्यासाठी तिला सुटी लागेपर्यंत थांबावे लागले. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो. परंतु शेत मुके असते. येथे तर शेताला तोंड होते, वाचा होती. तिच्यापर्यंत जाणारी वाटच कोणी ठेवली नव्हती.

पाळ्याच्या प्रकरणात एक प्रशासकीय गुंताही आहे, तो शहरातील वाचकांच्या ध्यानी सहसा येत नाही. मुली जळगाव जिल्ह्यातल्या. त्यांच्या गावांचा कारभार यावलच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे. शाळा बुलढाणा जिल्ह्यातली. पण बुलढाण्यास आदिवासी विकासाचे स्वतंत्र प्रकल्प कार्यालय नाही, त्याचा कारभार अकोल्याहून चालतो. अकोल्याचे वरिष्ठ अमरावतीला. म्हणजे मूल एका जिल्ह्याचे, शाळा दुसऱ्या जिल्ह्यात आणि तिच्यावर देखरेख करणारा अधिकारी तिसऱ्या जिल्ह्यात. बाप मजुरीवर पोट भरणारा. एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एस.टी.चे भाडे खर्चून तो लेकीला भेटण्यास महिन्यातून कितीदा जाणार? अशा आईबापांची मुले शाळेत टाकून घेण्यात काही संस्थांना जो उत्साह असतो, त्याचे कारण केवळ आदिवासींचा उद्धार हेच असते, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. अनुदान माणशी मिळते. मूल जितके दूरचे, तितका त्याचा बाप शाळेच्या दारात उभा राहण्याचा संभव कमी.

महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. या व्यवस्थेमागचा हेतू थोर होता. ज्या पाड्यावर शाळा नाही, जेथील माणसे वर्षातील काही महिने कामासाठी गाव सोडतात, तेथल्या मुलांना एका जागी राहण्यास, जेवण्यास व शिकण्यास मिळावे, हा विचार कोणीही मान्यच करील. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांतून आज जी थोडीबहुत मुले नोकरीधंद्यास लागलेली दिसतात, ती आश्रमशाळा व वसतिगृहे यांच्यामुळेच लागली. म्हणून आश्रमशाळा बंद करा, अशी ओरड करणाऱ्यांत आम्ही नाही. पण ज्या वर्षी पाळ्याचे प्रकरण उघडकीस आले, त्याच वर्षी, राज्यातील आदिवासी निवासी शाळांत दहा वर्षांत ७४० मुले मृत्यू पावल्याच्या वृत्तावरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनास नोटीस काढली होती, हेही विसरून चालणार नाही. साप चावला, ताप अंगावर काढला, विहिरीत पडला, अशा नोंदी वाचताना कोणासही प्रश्न पडेल, की हे मूल आजारी असल्याचे सांगत होते तेव्हा ऐकण्यास कोण होते?

आता थोडे दूर पाहू. शाळेच्या रक्षणाचा प्रश्न आला, की ज्या अमेरिकेकडे आपण बोट दाखवितो, तिचा अनुभव काय सांगतो? कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइनच्या शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनीच आपल्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या शाळेस सशस्त्र पोलिसाची नेमणूक होती. फ्लोरिडातील पार्कलंड येथे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, तेव्हाही शाळेच्या आवारात सशस्त्र अधिकारी हजर होता. तो इमारतीबाहेरच राहिला. त्या हल्लेखोराविषयीची सूचना एका व्यक्तीने महिनाभर आधी तेथील केंद्रीय तपास यंत्रणेस दूरध्वनीवरून दिली होती आणि ती योग्य कचेरीकडे पाठविली गेली नाही, हे त्या यंत्रणेनेच पुढे कबूल केले. टेक्सासमधील युवाल्डी गावी २४ मे २०२२ रोजी १९ मुले व दोन शिक्षिका प्राणास मुकल्या. तेथे शाळेस कुंपण होते, वर्गांना कुलुपे होती, आणीबाणीचे नियम लिहून ठेवलेले होते. शेवटी ३७६ पोलीस त्या ठिकाणी जमले. हल्लेखोर आत शिरल्यापासून त्याचा निःपात होईपर्यंत ७७ मिनिटे गेली. आणि या अवधीत काय घडत होते? वर्गात अडकलेली मुले पोलिसांना दूरध्वनी करीत होती. आपली शिक्षिका मेली, आपले सोबती मेले, आता तरी या, असे ती दबल्या आवाजात विनवीत होती. आणि पोलीस बाहेर, त्याच इमारतीच्या बोळात, हुकुमाची वाट पाहत उभे होते.

शस्त्रे, भिंती, कुलुपे यांपैकी कशाचीही वाण तेथे नव्हती. उणीव होती ती आतून आलेला शब्द ऐकून त्यावर हालचाल करणाऱ्याची. ही केवळ आमची कल्पना नव्हे. कोलंबाइननंतर अमेरिकेच्या गुप्तसेवा विभागाने व शिक्षण खात्याने मिळून शाळांतील अशा ३७ घटनांचा बारकाईने अभ्यास केला आणि २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतील ८१ घटनांत हल्लेखोर काहीतरी करणार आहे, हे निदान एका तरी व्यक्तीस आधी ठाऊक होते आणि ती व्यक्ती बहुधा त्याच्याच वयाची, त्याची सोबती असे. मुलांना कळलेले असते. ते मोठ्यांपर्यंत येत नाही. कारण चुगली केल्याचा ठपका येईल, कोणी विश्वास ठेवणार नाही, आपणच अडचणीत येऊ, असे मुलांना वाटते. टेक्सासच्या मुलाचे भय आणि पाळ्याच्या मुलीचे भय यांत आम्हांस तरी फारसा फरक दिसत नाही. एकाच्या हाती बंदूक होती व दुसऱ्या ठिकाणी अधिकाराची किल्ली होती, एवढेच.

बंदुकीचे भय आपल्याकडे अजिबात नाही, अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये. ११ डिसेंबर २००७ रोजी हरियाणातील गुडगाव येथे चौदा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांनी घरातील पिस्तूल शाळेत नेऊन वर्गबंधूचा जीव घेतला. बिहारमधील सुपौल जिल्ह्यात ३१ जुलै २०२४ रोजी पाच वर्षांच्या बालकाने दप्तरातून पिस्तूल आणले आणि दहा वर्षांच्या मुलास जखमी केले. पाच वर्षांचे ते बाळ. त्याला पिस्तुलात आणि खेळण्यात काय भेद कळणार? मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात त्याच वर्षी ६ डिसेंबरला बारावीच्या विद्यार्थ्याने आपल्या मुख्याध्यापकांनाच शाळेत गोळी घालून ठार केले. आणि मध्य प्रदेश आपणांस काही लांब नाही. बुलढाणा जिल्ह्याची उत्तर सीमा बऱ्हाणपूर जिल्ह्यास भिडलेली आहे. त्या जिल्ह्यातील पाचोरी गावाचे नाव बेकायदा गावठी पिस्तुलांच्या व्यापारात उत्तर हिंदुस्थानातल्या पोलिसांनाही परिचित आहे. ती पिस्तुले सातपुडा ओलांडून खाली उतरतात. ती अडविणे हे सीमेवरच्या पोलिसांचे काम. आणि घरातले शस्त्र कुलपात ठेवणे हे बापाचे. शाळेच्या दारात झडती घेऊन दोन्ही कामे होतील, असे समजणे हा आळस होय. जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शेकडो शाळांच्या दारांत धातुशोधक कमानी उभ्या करण्याची भाषा जे करतात, त्यांनी त्यांतील किती शाळांना धड फाटक आहे व किती शाळांतील मुलींच्या स्वच्छतागृहांना आतून कडी आहे, हे एकदा खेडोपाडी जाऊन पाहून यावे. कडीला शंभर रुपये पडत नाहीत.

बदलापूरच्या प्रकरणानंतर आपल्या शासनाने जे केले, त्याचा विचार येथे केला पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. ज्याच्यावर आरोप आला, तो सफाई कामगार कंत्राटदारामार्फत त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस कामावर लागला होता. पोलीस ठाण्यात फिर्याद घेण्यास सुमारे बारा तास लावण्यात आले. शाळेत कॅमेरे होते. पण नेमक्या पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नाही, असे खुद्द तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. २० ऑगस्ट रोजी लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडल्या. पुढे २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीतून नेला जात असता आरोपी पोलिसाच्या गोळीने मेला. अनेकांनी पेढे वाटले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले. पेढे वाटणाऱ्यांच्या रागाची आम्हांस कल्पना आहे. परंतु त्या एका गोळीने महाराष्ट्रातील एकाही शाळेतील एकाही मुलीस कालच्यापेक्षा अधिक अभय मिळाले नाही. उलट न्यायालयात जे काही बाहेर आले असते, कोणाला केव्हा कळले होते आणि कोण गप्प बसले होते, ते बरेचसे त्या माणसाबरोबरच गेले.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने काढलेल्या निर्णयात पुष्कळ चांगल्या गोष्टी आहेत. महिन्याभरात कॅमेरे बसवावेत; मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा तरी चित्रण तपासावे; कर्मचारी नेमताना पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी करून घ्यावी; लहान वर्गांसाठी शक्यतो स्त्री कर्मचारी असावेत; तक्रारपेटी असावी; ‘सखी सावित्री’ समिती कामास लावावी; अनुचित प्रकार कळताच चोवीस तासांत वरिष्ठांस कळवावे. यांतील ‘सखी सावित्री’ समिती काही नवी नव्हे. ती नेमण्याचा आदेश मार्च २०२२ चा आहे. म्हणजे अडीच वर्षांपूर्वीचा आदेश पाळला जात नव्हता, याची कबुलीच नव्या आदेशाने दिली. वरातीमागून घोडे ही म्हण जुनी आहे. येथे तर घोडेही कागदाचेच होते.

तपशिलात शिरले, म्हणजे या उपायांचे मर्म व त्यांची मर्यादा दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याचे चित्रण कोण तपासणार? मुख्याध्यापक. तक्रारपेटी कोठे असणार? मुख्याध्यापकांच्या कचेरीशेजारी. समितीचे कागद कोण सांभाळणार? मुख्याध्यापक. बहुसंख्य मुख्याध्यापक हे सचोटीने काम करणारे, खिचडीच्या हिशेबापासून मतदारयादीपर्यंत सारा भार वाहणारे लोक आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु पाळ्यात अटक झालेल्यांत मुख्याध्यापकही होता. जी व्यवस्था सर्व किल्ल्या एकाच माणसाच्या जुडग्यात देते, ती तो माणूस चांगला असेल तोवरच चालते, आणि तो चांगला असेल तोवर तिची फारशी गरजही नसते. पेटीत चिठ्ठी टाकताना आपल्याला कोणी पाहील, हे भय आठवीतल्या मुलीला असते. बदलापूरच्या बालिकांना तर चिठ्ठी लिहिताच येत नव्हती. कॅमेरा काय पाहतो, हाही प्रश्नच आहे. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात एका शाळेत, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून, मोठ्या मुलींची कपडे उतरवून तपासणी केल्याचा प्रकार घडला आणि मुख्याध्यापिकेस अटक झाली. ते कृत्य कोणा परक्याने भिंत ओलांडून येऊन केलेले नव्हते, आणि ते स्त्रीनेच करविले होते. केवळ स्त्री कर्मचारी नेमल्या म्हणजे मुलींचे भय सरले, असे मानणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

मग करावे तरी काय, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर आम्हांस पुन्हा घराशेजारीच सापडले. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुका आमच्या खामगाव तालुक्यास लागून आहे. त्या तालुक्यातील काझीखेड येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत एक शिक्षक मुलींना अश्लील चित्रफिती दाखवितो व त्यांची छेड काढतो, अशी तक्रार झाली आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे बदलापूरचे लोक रुळांवर उतरले त्याच दिवशी, त्यास अटक झाली. हे प्रकरण उघडकीस आले ते मोर्चाने नव्हे, कॅमेऱ्याने नव्हे किंवा तपासणी अधिकाऱ्याच्या भेटीनेही नव्हे. मुलीने १०९८ या विनाशुल्क क्रमांकावर सांगितले. तो शब्द बाल कल्याण समितीपर्यंत गेला, समितीची माणसे शाळेत आली, त्यांनी मुलींशी बोलून घेतले आणि पोलिसांस कळविले. सहा मुलींचे म्हणणे नोंदले गेले. कोणाला दिवाळीची वाट पाहावी लागली नाही.

पाळा आणि काझीखेड ही गावे काही निराळ्या खंडांतली नव्हेत. दोहोंत आठ वर्षांचे अंतर आहे आणि एका दूरध्वनीचे. काझीखेडच्या मुली संध्याकाळी घरी जात होत्या, पाळ्याच्या जात नव्हत्या, हा फरक आम्ही मान्य करतो; किंबहुना आमचा सारा मुद्दा तोच आहे. जे मूल संध्याकाळी घरी जाते, त्याला निदान एक दार रोज उघडे असते. ज्या मुलाचे घर आणि शाळा एकच, त्याचे ते दार आपण बंद केलेले असते. ते पुन्हा उघडून देण्याची जबाबदारीही आपलीच ठरते. म्हणून आश्रमशाळा, वसतिगृहे आणि निवासी विद्यालये यांचा विचार इतर शाळांहून वेगळा व आधी व्हावयास पाहिजे. सरसकट एकच परिपत्रक सर्वांस लावून हे साधणार नाही.

जिल्ह्यातील प्रत्येक निवासी शाळेत, मुलांच्या राहण्याच्या जागेत, ज्यावरून १०९८ फिरविता येईल असा एक दूरध्वनी असावा. तो कोणाच्या परवानगीवाचून वापरता यावा आणि तो चालू आहे की नाही, हे शाळेबाहेरच्या माणसाने महिन्यातून एकदा स्वतः फिरवून पाहावे. हे काम अवघड नाही. ज्या शासनास खेड्याखेड्यांतून मतदानयंत्रे पोचविता येतात, त्यास काही शेकडा दूरध्वनी पोचविता येऊ नयेत, असे नाही. दुसरे काम याहून कठीण, पण त्याला पैसा लागत नाही. तपासणीस येणारा अधिकारी आज हजेरीपट, धान्यसाठा व भेटवही तपासून, संस्थाचालकांचा चहा घेऊन परततो. मुलांशी त्याचे बोलणे झाले, तर ते वर्गात, शिक्षकांच्या देखत, पहाडे म्हणवून घेण्यापुरते असते. त्याऐवजी शाळेशी काडीचा संबंध नसलेल्या स्त्रीने, ती परिचारिका असो, महाविद्यालयातील प्राध्यापिका असो अथवा बाल कल्याण समितीची सदस्या असो, पूर्वसूचना न देता यावे, दोन तास मुलींबरोबर घालवावेत, त्यांच्या पंक्तीस बसून जेवावे, आणि तिच्या त्या भेटीच्या वेळी शाळेचे एकही माणूस जवळ नसावे. पहिल्या भेटीत मुली काही बोलणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतील. म्हणून तीच स्त्री पुनःपुन्हा गेली पाहिजे. दर खेपेस नवा चेहरा पाठविणे म्हणजे पुन्हा नोंदवहीच भरणे होय. यासाठी कोणी संस्थाचालक हरकत घेईल, तर त्याच्या अनुदानाचा पुढला हप्ता त्याच दिवशी थांबवावा.

कायद्याचे बळ याच्या पाठीशी आहेच. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, असे बंधन प्रत्येकावर घातले आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्याचा गुन्हा दडविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. मुलाचे म्हणणे त्याच्या घरी अथवा ते म्हणेल त्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावे आणि खटला होता होईतो वर्षभरात संपवावा, हेही त्यातच आहे. असे असता ‘शाळेचे नाव जाईल’, ‘मुलीचे पुढे लग्न व्हावयाचे आहे’, ‘आपसांत मिटवू’ ही भाषा आजही शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडी येते. शिक्षक, वकील, डॉक्टर, पालकसभेचे अध्यक्ष, स्थानिक पुढारी यांच्याच तोंडी ती अधिक येते, कारण संस्था त्यांच्या असतात आणि नाव जाण्याची चिंताही त्यांनाच असते. नाव जाईल या भीतीने गप्प बसणारा हा सद्गृहस्थ हे पत्र वाचणारांपैकीच असतो, हे लिहिताना आम्हांस खेद होतो; पण ते लिहिणे प्राप्त आहे. त्याला चोरी करावयाची नसते. त्याला फक्त सभा शांतपणे पार पडावयास हवी असते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पाळ्याच्या शाळेची मान्यता तडकाफडकी रद्द झाली, आणि तशी मागणी करणाऱ्यांत सर्वच पक्ष होते. मान्यता रद्द करणे हा सोपा व टाळ्या मिळविणारा उपाय असतो. परंतु अशा शाळेतील उरलेल्या मुलामुलींस वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेत हलवावे लागते. तेथे त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, किती मुली तेथवर पोचतात आणि किती घरीच राहून पुढल्या लग्नसराईत बोहल्यावर चढतात, याची चौकशी मंत्र्यांच्या मोटारी परत गेल्यावर कोणी करीत नाही. बोलणाऱ्या मुलीची शाळा बंद होते, हे जर शेजारच्या शाळेतल्या मुलींनी पाहिले, तर त्या बोलतील काय? संस्थाचालक बदलावा, प्रशासक नेमावा, सारा कर्मचारीवर्ग हलवावा, पण होता होईतो शाळा चालू ठेवावी. शिक्षा गुन्हेगारास व्हावी. तक्रार करणारीच्या शिक्षणास होऊ नये.

जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेड राजा याच जिल्ह्यात असल्याचा उल्लेख आपल्याकडे प्रत्येक भाषणात होतो. बुलढाण्याचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी व अकोल्याचे प्रकल्प अधिकारी यांनी एकत्र बसून, जिल्ह्यातील तेराही तालुक्यांतल्या निवासी शाळांची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येक शाळेपुढे तीनच रकाने आखावेत: दूरध्वनी चालू आहे काय, शाळेबाहेरची कोणती स्त्री तेथे जाते व शेवटी कधी गेली, मुलींच्या निजण्याच्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे असते. ही यादी त्यांनी वृत्तपत्रांकडे पाठवावी. आम्ही ती पहिल्या पानावर छापू आणि ज्या रकान्यात उत्तर नसेल, तो रकाना तसाच कोरा छापू.